अठ्ठेचाळीसावी म्हैस

२० नोव्हेंबर २००७, मंगळवार

अठ्ठेचाळीस! म्हशी सत्तेचाळीस, त्यांच्या गळ्यात डब्या सत्तेचाळीस, आणि यंत्र म्हणतं अठ्ठेचाळीस!

सकाळी दूध आणायला डेअरीत गेलो तर महिपत कॉम्प्युटरसमोर डोकं धरून बसलेला. हा डेअरीचा कारकून, माझाच विद्यार्थी. आठवी दोनदा केली त्याने. म्हणाला, "सर, हे बघा की. काल दुपारी खालच्या खांबापाशी अठ्ठेचाळीस नंबर लागला. असा नंबरच नाय आपल्याकडं!"

गेल्या वर्षी वरच्या वाडीतल्या तीन म्हशी कुणीतरी टेम्पोत घालून घाटापार नेल्या. रामजीची चांगली दुभती त्यांतच गेली. तेव्हापासून दूधसंस्थेने हे नवं काढलं. काढलं म्हणजे माझ्या नातीने, प्रियदर्शिनीने, आणि तिच्याबरोबर काम करणाऱ्या त्या किरणने. प्रत्येक म्हशीच्या गळ्यात काडेपेटीएवढी डबी. तीन ठिकाणी खांब — एक वर वाडीच्या तोंडाशी, एक खाली डेअरीजवळ, एक आंबेनळी घाटाच्या पहिल्या वळणावर. खांब हाक मारतो, डबी आपला नंबर सांगते. बिनतारी! घाटाच्या खांबाने नंबर ऐकला की डेअरीत घंटा वाजते. म्हणजे कोणी म्हैस पळवतंय, धावा.

आता ही अठ्ठेचाळीसावी कोण? काल दुपारी मी खुद्द त्या खालच्या खांबाच्या कट्ट्यावर कोटाच्या खिशात हात घालून बसलो होतो. म्हैस सोडा, शेळीसुद्धा गेली नाही!

चोराने डबी बनवलीय. चाचणी घेतोय. माझ्या नाकासमोरून गेला आणि मला दिसला नाही, एवढा तरबेज.

२१ नोव्हेंबर, बुधवार

रात्री जेवताना प्रियूला विचारलं. तिने वर पाहिलंच नाही. "यंत्र आहे आजोबा, चुकतं कधी कधी." आणि पानात न मागता भात वाढला.

हीच मुलगी दोन वर्षांपूर्वी एवढंसं विचारलं की कागदावर चित्रं काढून तासभर समजावायची. बापाने ठाण्यात नोकरी बघून ठेवली होती, ती सोडून इथे पोलादपुरात म्हाताऱ्याजवळ राहिली. आणि आता "यंत्र चुकतं"!

तो किरण संध्याकाळी मोटरसायकलवर येतो. दासगावचा आहे. दोघं ओट्यावर बोलत असतात, मी बाहेर आलो की गप्प. "सर, चहा घेता?" माझ्याच घरात मला चहा विचारतो! एकदम चहा विचारणाऱ्या माणसाच्या मनात काहीतरी असतं. चाळीस वर्षं मास्तरकी केली, मला ओळखता येतं.

२४ नोव्हेंबर, शनिवार

आज किरणला खोदून विचारलं. म्हटलं, मला अडाणी समजू नकोस, नीट सांग, खोटा नंबर कोणी काढू शकतं की नाही?

काढू शकतं म्हणे! डबी आपला नंबर उघड्या हवेत बोलते. ऐकायचं यंत्र घेऊन कोणी झाडाआड बसला तर तो नंबर त्याला मिळाला. मग तोच नंबर तो दुसऱ्या डबीत भरून कुठेही बोलू शकतो. म्हैस घाटापार आणि तिची खोटी डबी मात्र इथे वाडीत "मी आहे, मी आहे" करतेय!

मी म्हटलं, अरे, ही तर हजेरी! महाडच्या शाळेत हेच चालायचं. मी नाव घ्यायचो, मागच्या बाकावरून "हजर सर!" यायचं, आणि ज्याचं नाव तो पोरगा सावित्रीत डुंबत असायचा. आवाज बदलून मित्र ओरडायचा.

किरण हसला. "अगदी बरोबर, सर. नंबर म्हणजे नुसती हजेरी. ओळख नव्हे."

मग तुम्ही पकडत कसे होतात, असं त्याने विचारलं. सांगितलं — हजेरी घेऊन झाली की मी कवितेची एक ओळ म्हणायचो आणि एकेकाला उभं करून पुढची विचारायचो. रोज वेगळी ओळ. जो खरा वर्गात बसलेला तो म्हणायचा, दुसऱ्याच्या नावाने ओरडणारा तत-पप करायचा.

तो एकदम गंभीर झाला. म्हणाला, "सर, हेच करतात. नव्या डब्या अशाच असतात. मी अध्यक्षांना, गोमाजीशेठना, मागून बघतो."

हुशार आहे. पण हुशार माणसाकडेच जास्त बघायचं असतं. हा मला हे सगळं सांगतोय ते मी शंका सोडावी म्हणून?

२७ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा अठ्ठेचाळीस. सकाळी, वरचा खांब. मी त्याच सुमारास त्याच वाटेने खाली येत होतो, रामजी बरोबर होता. "गुर्जी, मी पन तिकडंच चाललो, चला संगती," म्हणाला. त्यालाही काही दिसलं नाही म्हणे. वर हसला. याला हसायला काय झालं?

३० नोव्हेंबर, शुक्रवार

ऊन कसं कोवळं! ओट्यावर बसून नदीची कविता म्हणत होतो. सहावीच्या पुस्तकातली. खिडकीबाहेर सावित्री, आत पंचेचाळीस पोरं, आणि सगळा वर्ग एका तालात डुलतोय... जगात यापरतं सुख मी पाहिलं नाही. पहिलं कडवं म्हटलं. दुसऱ्याची पहिली ओळ म्हटली.

पुढची येईना.

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच येऊन थांबलो. हजार वेळा शिकवलेली कविता! पेटीतून पुस्तक काढलं तर ते पान आहे, नीट आहे. वाचली. ही ओळ? ही नव्हती. मला वाटतं नव्या आवृत्तीत बदलली असावी. कोण कशात हात घालील, सांगता येत नाही.

दुपारी चिरंजीवांचा फोन. "बाबा, आता पुरे झालं. ठाण्याला या. खोली रिकामी आहे." मी म्हटलं, सातव्या मजल्यावरून मी कुठली नदी बघू? तो म्हणाला, "प्रियूने मला सगळं सांगितलंय." सगळं म्हणजे काय सांगितलं? फोन तिच्याकडे दिला तर ती आत जाऊन बोलली. "नाही पप्पा, मी व्यवस्था केलीय. त्यांना इथंच राहू दे." एवढंच कानावर आलं.

कसली व्यवस्था?

४ डिसेंबर, मंगळवार

नव्या डब्या आल्या. वरच्या वाडीत आज जत्राच. सगुणाबाई — रामजीची बायको — एकेका म्हशीला नावाने हाक मारून पुढे आणत होती, किरण गळ्यातली जुनी डबी कापून नवी अडकवत होता.

"रे किरण, मागल्या डबीत काय कमी व्हतं?"

"मावशी, ती नुसती नाव सांगायची. ही प्रश्नाचं उत्तर देते."

"मंग आमच्या ह्यांच्या गळ्यात पन एक घाल. मेला विचारलं तर बोलत नाय!"

रामजी म्हणाला, "तू गप ऱ्हा, मग मी बोलन." सगळी वाडी हसली. मीही.

आता खांब दर वेळी नवा प्रश्न करणार. डबीच्या पोटात एक गुपित आहे, त्याच्या आधाराने ती त्या प्रश्नाचं उत्तर तयार करणार. गुपित स्वतः कधीच हवेत येत नाही. झाडाआड बसलेल्याने आजचं उत्तर चोरलं तरी उद्या प्रश्न दुसरा! अगदी माझी वर्गातली युक्ती. प्रियूने हे सर्वांसमोर सांगितलं: "ही आजोबांची पद्धत आहे." ऊर भरून आला.

आता बघू तुझा अठ्ठेचाळीस. उभा राहा आणि म्हण पुढची ओळ!

९ डिसेंबर, रविवार

दार लावून लिहितोय.

अठ्ठेचाळीस पुन्हा आला. काल, डेअरीजवळचा खांब. खांबाने प्रश्न केला — आणि त्याने उत्तर दिलं! बरोबर उत्तर!

महिपतला म्हटलं, पुन्हा बघ. "सर, हिरवा आलाय. खोटा असता तर लाल आला असता. हा खरा हाय."

खरा! म्हणजे बाहेरचा चोर नव्हेच. गुपित भरल्याशिवाय उत्तर येत नाही, आणि गुपित भरायचं यंत्र एकाच खोलीत आहे आणि त्या खोलीची किल्ली एकाच्याच कमरेला आहे.

किरण.

(दुसरी किल्ली प्रियूकडे. पण ती माझी नात आहे.)

कशासाठी करील तो? सरळ आहे. आज एक जादा डबी. उद्या रामजीच्या म्हशीची डबी काढायची, तिचं उत्तर देणारी दुसरी कुणा रेडकाला घालायची. खांब म्हणतील सगळं ठीक. म्हैस टेम्पोत. आणि मी ज्याला ओट्यावर बसवलं, ज्याच्याकडे माझी पोर बघते, तोच!

१३ डिसेंबर, गुरुवार

हद्द झाली. अठ्ठेचाळीस आज दुपारी घाटाच्या खांबावर! डेअरीत घंटा वाजली. माणसं जीप घेऊन धावली. वाटेत टेम्पो नाही, म्हैस नाही, काही नाही म्हणे. किरण सगळ्यांच्या आधी पोचला होता. अर्थात! पुरावा लपवायला नको?

मी दुपारी झोपलो होतो. उठलो तो ओट्यावर. शेजारी रामजी तांब्याने पाणी पीत बसलेला. किरणची मोटरसायकल दारात, गरम. मी विचारलं, तुम्ही इथे कसे? रामजी म्हणाला, "असंच, गुर्जी. ऊन लय हाय, टेकलो जरा."

माझ्या वहाणांना तांबडी माती. घाटातल्यासारखी. माझ्या वहाणा घालून कोण गेलं? मी झोपलेला बघून? संशय माझ्या घरावर यावा म्हणून केलेला बेत दिसतो. आता गप्प बसणं म्हणजे सामील होणं.

१५ डिसेंबर, शनिवार

गोमाजीशेठना भेटलो. संस्थेचे अध्यक्ष, माझा फार मान ठेवतात. सगळं क्रमाने मांडलं. उत्तर खरं, म्हणून डबी खरी. डबी खरी, म्हणून करणारा आतला. आतला, म्हणजे किरण. फळ्यावर प्रमेय सोडवावं तसं.

त्यांनी तिथेच त्याला बोलावलं. प्रियूही मागोमाग आली. मी खुर्चीत, महिपत दाराशी.

"किरण, अठ्ठेचाळीसावी डबी तू केलीस?"

"हो."

इतकं सरळ! मला वाटलं होतं टाळाटाळ करील.

"कुणासाठी?"

किरण टेबलावरचे कागद सरळ करू लागला.

"कुठं हाय ती?"

"ते नाही सांगता येणार, शेठ. म्हशींच्या चोरीशी तिचा काही संबंध नाही. एवढं माझ्या आईची शपथ घेऊन सांगतो."

"शपथा नको. डबी आणून टेबलावर ठेव, नायतर किल्ली ठेव."

प्रियू पुढे झाली. "शेठ, ऐका, ती डबी—" किरण तिच्याकडे वळला. "नको. प्रियदर्शिनी, नको. मग त्यांना इथं राहू देणार नाहीत." तिने माझ्याकडे पाहिलं आणि तोंडावर पदर... पदर कुठला, ओढणी घेतली.

कोणाला राहू देणार नाहीत? साथीदार आहेत तर!

किरणने कमरेची किल्ली सोडली, टेबलावर ठेवली. गोमाजीशेठ म्हणाले, "तालुक्यात दुसरीकडं कुठं चिकटशील ही आशा सोड. चोराला ठेवत नाय कोन." त्याने शेठना नमस्कार केला आणि निघाला.

बाहेर आलो. पायऱ्या उतरलो आणि क्षणभर — बाजार डावीकडे की उजवीकडे? ऊन डोळ्यांवर आलं असावं. मोटरसायकल बाजूला येऊन थांबली. "सर, बसा मागे. सोडतो."

ज्याची भाकरी मी तासापूर्वी काढून घेतली तो मला घरी सोडतोय! दारात उतरवलं, वहाणा सरळ करून दिल्या. एवढा गोडवा कशाला? काय हवंय अजून त्याला माझ्याकडून?

१७ डिसेंबर, सोमवार

प्रियूचं लक्ष नाही. भाजीत मीठ दोनदा. मी म्हटलं, चोर निघाला तर मी काय करू? ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही वर्गात कुणाला न विचारता शिक्षा केली होती कधी?" 

विचारलं होतं की! तो बोलला नाही, यात माझा काय दोष?

१९ डिसेंबर, बुधवार

अठ्ठेचाळीस चालूच. किरणकडे किल्ली नाही, खोलीत पाय नाही, तरी अठ्ठेचाळीस चालूच. काल संध्याकाळी खालचा खांब. महिपत म्हणाला किरण तेव्हा दासगावात होता, त्यानेच फोनवर बोलून खात्री केली.

मग डबी फिरवतं कोण?

२२ डिसेंबर, शनिवार

न राहवून वरच्या वाडीत गेलो. साथीदार असला तर रानात हिंडणाऱ्यांना दिसणारच. सगुणाबाई गोठ्याच्या दारात दोर वळत होती. मला बघून उठली, आतून गुळाचा खडा आणि पाणी आणलं.

"एवडं चढून आलाव, गुर्जी? येकलेच? पोरीला सांगितलंव?"

मी म्हटलं, मला काय पोरीची परवानगी लागते? ते जाऊ दे. अठ्ठेचाळीस नंबरची डबी घेऊन कोण फिरतंय, तू पाहिलंस?

ती पुन्हा दोराला बसली. दोन पेड वळले. मग म्हणाली, "गुर्जी, आमच्यात एक रीत हाय. येखादं गुर चुकार निघतं. म्हातारं झालं की कवा कवा निघतं. चरता चरता दुसऱ्याच डोंगराला लागतं. त्याला आमी दावनीला नाय बांधत. बांधलं की झुरतं. गळ्यात घाट, म्हंजी घंटा, घालायची नि सोडायचं. मंग ज्याला कुनाला आडवाटंला घाट ऐकू येईल त्यानं त्याला घराकडं वळवायचं. आरडायचं नाय, मारायचं नाय. आपन पन तिकडंच चाललोत असं दावायचं."

"आणि मालकाला सांगायचं?"

"मालकाला ठावंच असतं. त्यानंच घाट घातलेली असती." दोर पायाच्या अंगठ्यात ओढून धरला. "त्या गुराला मातर सांगायचं नाय."

मी म्हटलं, मी म्हशीबद्दल विचारत नाही, बाई, चोराबद्दल विचारतोय!

"व्हय," म्हणाली. "तेच." आणि रामजीला हाक मारली, "अवं, गुर्जी निघालेत. तुमाला पन खाली जायाचं हाय ना?"

"हाय ना," रामजी आतून म्हणाला. त्याच्या हातात अर्धी भाकरी होती. ती तशीच खाली ठेवून तो उठला.

वाटभर तो म्हशींविषयी बोलत होता. मी ऐकत नव्हतो.

२३ डिसेंबर, रविवार

महिपतला घरून उठवून आणलं. म्हटलं, कॉम्प्युटर लाव, खिडकीतून ओरडून सांग. मी खांबाकडे चालत गेलो. वाटेवर चिटपाखरू नाही.

"अठ्ठेचाळीस आला, सर!"

मागे वळून लांब गेलो. "गेला!" पुन्हा पुढे. "आला! हिरवा! सर, तुमाला कोन दिसतंय का?"

कोट काढून कट्ट्यावर ठेवला. नुसत्या सदऱ्यात लांब, पार वळणापलीकडे गेलो. "अजून हितंच हाय, सर!"

परत येऊन अस्तर चाचपलं. काडेपेटीएवढी डबी हाताला लागली. शिवण दोनदा उसवलेली, दोनदा घातलेली. प्रियूचे लांब लांब टाके.

म्हणजे तेरा तारखेला आंबेनळीच्या वळणावर मी होतो. मी. मला त्यातलं काही आठवत नाही.

चिरंजीवांना फोन करणार नाही. ठाण्याचं काय ते पुढे बघू. उद्या सकाळी गोमाजीशेठ, महिपत, सगळ्यांना खांबापाशी बोलावलंय. कोट घालून त्यांच्यासमोर चालून दाखवणार. दासगावला निरोप धाडला: किरण, तूही ये. येताना मोटरसायकल आण. ते सगळं झाल्यावर मला घरी सोडायला कोणीतरी लागेल.